चिपवर संशय, गाठीकडे दुर्लक्ष: गुहागर तालुक्यातल्या एका लॅब्राडोरचं प्रकरण

ब्रुनो नऊ वर्षांचा, फिकट पिवळा लॅब्राडोर. नर, खच्चीकरण झालेला, वजन ३४ किलो. जन्म दुबईचा. घरातला मुलगा तिथे नोकरीला. कुटुंब परत आलं तेव्हा कुत्राही विमानाने मुंबईत उतरला आणि तिथून पालशेतच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या आगरात मुलाच्या आई-वडिलांकडे (मी त्यांना काका-काकू म्हणतो) कायमचा राहिला. मुलगा पुन्हा एकटाच दुबईला गेला. दुबईत कुत्र्याची नोंदणी आणि ओळख क्रमांकाची चिप सक्तीची आहे, त्यामुळे ब्रुनो पिल्लू असतानाच त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली चिप बसली होती. घरातल्यांना एवढं माहीत होतं, आणि पुढे त्यातूनच गोंधळ झाला.

२०२४च्या शिमग्यात काकू त्याच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होत्या. डाव्या खांद्याच्या वर, मानेकडच्या बाजूला बोटाला सुपारीएवढी गाठ लागली. काकूंनी त्या दिवशीच दोरा घेऊन गाठीचा घेर मोजला, दोऱ्याला गाठ मारली आणि तो देवघरातल्या डबीत ठेवला. त्या दोऱ्याबद्दल पुढे सांगतो. त्याची किंमत मला फार उशिरा कळली.

मुलाला फोन गेला. त्याने रात्री मोबाइलवर शोधलं आणि सकाळी घरच्या ग्रुपवर निरोप टाकला: आई, ती चिपच आहे, चिपमुळे कुत्र्यांना कॅन्सर होतो, काढून टाका. दरम्यान काकूंच्या लक्षात आलं होतं की गाठ चोळली किंवा ब्रुनोने खांबाला अंग घासलं की ती तासाभरात लाल होऊन फुगते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की चिप तापते. त्या हिवाळ्यात डोंगरावर मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला होता, म्हणून तोही या गोष्टीत आला.

पहिली भेट आणि माझी चूक

एप्रिलच्या शेवटी ब्रुनो माझ्याकडे, म्हणजे पशुवैद्याच्या दवाखान्यात, आला. फेब्रुवारीत मीच त्याला रेबीजची आणि एकत्रित लस दिली होती, आणि नोंदवहीत जागा लिहिली होती, ‘मान, डावी बाजू’. गाठ हाताखाली सरकत होती, दुखत नव्हती. मी मनाशी ठरवलं की ही इंजेक्शनची सूज आहे. चिपची भीती घेऊन आलेल्या माणसांना ‘काही नाही हो, सुईची गाठ आहे’ असं सांगणं सोपं होतं, आणि मी ते सांगितलं. दहा दिवस प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या.

गाठीत सुई घालून पेशी काढल्या नाहीत. पाच मिनिटांचं काम होतं. सिरिंज, सुई, काचपट्टी सगळं टेबलावर होतं.

गोळ्यांनी गाठ निम्मी झाली. काकू खूश, मीही खूश. स्टिरॉइडने जी गाठ झटकन लहान होते ती सुजेचीच असेल असं नाही, हे मी शिकलेलो होतो. त्या दिवशी आठवलं नाही. काकूंनी दोऱ्याची गोष्ट सांगितली होती, गाठ कधी मोठी कधी लहान असते हेही सांगितलं होतं. मी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटकडे वळलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकताच लागला असताना ते परत आले. गाठ आता लिंबाएवढी होती, वरचे केस विरळ झालेले. ब्रुनोने आठवड्यात दोनदा उलटी केली होती. या वेळी काकांचं म्हणणं ठाम होतं: ‘डॉक्टर, ती चिप काढा. कापायचंच तर ते निमित्त तरी काढून टाकू.’

चिप वाचायचा रीडर माझ्याकडे नव्हता. किनारपट्टीवरच्या बहुतेक दवाखान्यांत नसतोच, कारण आमची ओळखपट्टीशी गाठ पडते ती गाई-म्हशींच्या कानातल्या १२ अंकी पिवळ्या बिल्ल्याशी. मी बोटांनी चाचपलं. गाठीच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्यासारखं काही कडक लागल्याचा भास झाला. मलाही वाटलं, चिप गाठीतच आहे. स्थानिक भूल देऊन छोटा छेद घ्यायचा, चिप आणि गाठीचा तुकडा काढायचा, हे जवळजवळ ठरलंच होतं. मग डोक्यात आलं की चिप कुठे आहे हेच नक्की माहीत नसताना छेद कुठे घेणार? मी त्यांना चिपळूणला एक्स-रेसाठी पाठवलं. पावसात त्या रस्त्याने ३४ किलोचा कुत्रा रिक्षातून नेणं हा त्या दोघांसाठी अख्ख्या दिवसाचा खेळ होता. तरी ते गेले.

चिप सापडली, पण गाठीत नाही

एक्स-रेत चिप ओळखायला चूक होत नाही. साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड, पांढरी स्वच्छ नळी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं. ब्रुनोची चिप गाठीच्या पाच सेंटिमीटर खाली, डाव्या खांद्याच्या सांध्यापुढे होती. दोन दिशांनी काढलेल्या फिल्ममध्ये गाठीच्या सावलीत काहीही नव्हतं. मला बोटाला लागलेला दाणा नव्हताच.

चिप खांद्यांच्या मधून खाली सरकली होती. हे नवल नाही. ब्रिटनमधल्या लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेने १९९६ पासून चिपच्या तक्रारींची नोंद ठेवली. चाळीस लाखांहून जास्त प्राण्यांना चिपा बसल्यावर त्यांच्याकडे ३९१ तक्रारी आल्या होत्या, आणि त्यांत सगळ्यांत जास्त चिप सरकल्याच्या होत्या. चिप चालेनाशी होणं, केस जाणं, सूज, जंतुसंसर्ग, गाठ हे सगळं त्याहून बरंच कमी. अर्थात तक्रार करणं ऐच्छिक असलं की बरंच काही लिहिलंच जात नाही, म्हणून हा आकडा मी कमीत कमी म्हणून वाचतो. नळीवर सरकू नये म्हणून पॅरिलिनसारखा लेप किंवा टोकाला टोपी असते, तिच्याभोवती काही आठवड्यांत तंतुमय ऊतीचं पातळ वेष्टन तयार होतं आणि ती तिथे बसते. त्याआधीच कुत्रा उड्या मारू लागला, किंवा चिप फार वर, सैल कातडीतच राहिली, तर ती खांद्याकडे, कधी कोपरापर्यंत उतरते. बहुतेक वेळा त्याने प्राण्याला काहीच होत नाही. त्रास होतो तो शोधणाऱ्याला.

त्याच दिवशी, महिन्याहून जास्त उशिरा, मी गाठीत सुई घातली. झटपट रंगवलेल्या काचपट्टीवर गोल पेशी दिसल्या, पण त्यांच्या आत काही ठळक दिसेना. झटपट रंगात या पेशींचे दाणे कधीकधी रंगच घेत नाहीत, म्हणून दुसरी पट्टी गिम्सा या रंगाने रंगवली. पेशींमध्ये ठासून भरलेले जांभळे दाणे. मास्ट सेल ट्युमर, म्हणजे ॲलर्जीत काम करणाऱ्या मास्ट पेशींचा कॅन्सर.

सगळं एका क्षणात जुळलं. मास्ट पेशींच्या दाण्यांत सूज आणणारं हिस्टामिन भरलेलं असतं. गाठ चोळली की ते बाहेर पडतं, जागा लाल होते, फुगते, मग बसते. चिप तापत नव्हती. हेच हिस्टामिन रक्तातून जठराकडे गेलं की आम्ल वाढतं, म्हणून उलट्या. प्रेडनिसोलोनने या पेशी मरतात आणि आसपासची सूज उतरते, म्हणून माझ्या गोळ्यांनी गाठ लहान झाली आणि सगळ्यांना खोटा दिलासा मिळाला. काकूंनी दर मोजणीला दोऱ्यावर मारलेल्या, पुढे-मागे पडलेल्या गाठींत रोगाचं निदान एप्रिलपासूनच होतं.

कुत्र्यांच्या कातडीच्या ट्युमरांत हा सगळ्यांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे, आणि बॉक्सर, पग, लॅब्राडोर या जातींत जास्त दिसतो. म्हणजे चिप नसती तरी नऊ वर्षांच्या लॅब्राडोरच्या अंगावरची गाठ पाहताना तो माझ्या मनात पहिल्या पाचांत असायला हवा होता.

काकांचा प्रश्न

काका निवृत्त शिक्षक. त्यांनी सरळ विचारलं, ‘मग चिपने कॅन्सर होतो हे खोटं का?’

मी म्हटलं, खोटं नाही. आणि त्यांना सगळं सांगत बसलो, कारण अर्ध्या उत्तराने या घराचं नुकसान एकदा झालंच होतं.

हा संशय मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून आला. जर्मनीत १९९७ साली ४२७९ चिप बसवलेल्या उंदरांपैकी ३६ जणांना चिपच्या जागी ट्युमर झाल्याचं प्रसिद्ध झालं, म्हणजे ०.८ टक्के. २००६ साली फ्रान्समधल्या १२६० उंदरांच्या अहवालात हे प्रमाण ४.१ टक्के होतं. कॅन्सर रोखणाऱ्या पी-५३ जनुकाची एक प्रत नसलेल्या उंदरांत तर, १९९९च्या अहवालात, १७७ पैकी १८ जणांना. हे आकडे लहान नाहीत आणि झाकण्यासारखेही नाहीत. पण उंदीर-घुशींच्या शरीरात कुठलीही गुळगुळीत परकी वस्तू, काच असो वा प्लास्टिक, दीर्घकाळ राहिली की तिच्याभोवती सार्कोमा (तंतुमय, चरबीसारख्या ऊतींचा कॅन्सर) होण्याची प्रवृत्ती असते. हे चिपा येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. शिवाय कुत्र्याला बसते तीच १२ मिलिमीटरची नळी उंदराला बसवली तर ती त्याच्या पाठीचा केवढा भाग व्यापते ते डोळ्यांसमोर आणावं.

कुत्र्यांत नोंदलेली प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इटलीतून २००४ मध्ये चिपच्या जागी लायपोसार्कोमा झालेल्या कुत्र्याचं प्रकरण आलं, २००६ मध्ये नऊ वर्षांच्या फ्रेंच बुलडॉगला फायब्रोसार्कोमा झाल्याचं. मांजरांतही अशी थोडी प्रकरणं आहेत. मांजरात गोष्ट आणखी अवघड, कारण त्यांना लसीच्या किंवा कुठल्याही इंजेक्शनच्या जागी सार्कोमा होतो हे पक्कं ठाऊक आहे, आणि चिप व लस दोन्ही एकाच खांद्यांमधल्या सैल कातडीत दिल्या जातात. मग गाठ कुणाच्या खात्यावर लिहायची?

काकांनी मग विचारलं की ब्रुनोचा मास्ट सेल चिपचा नाही हे कशावरून. माझं कारण दोन पायांवर उभं होतं. प्रसिद्ध झालेल्या प्रकरणांतले चिपलगतचे ट्युमर हे जवळजवळ सगळे सार्कोमा, म्हणजे वेष्टन बनवणाऱ्या तंतुमय किंवा चरबीच्या ऊतीतून निघालेले. ब्रुनोचा ट्युमर वेगळ्याच पेशीचा, त्याच्या जातीत नेहमी होणारा. आणि चिप त्यापासून पाच सेंटिमीटरवर, एक्स-रेत तिच्याभोवती कसलीही सूज नसलेली.

टॉवरचंही सांगावं लागलं. चिपमध्ये बॅटरी नसते. रीडर अंगाजवळ धरला की त्याच्या १३४.२ किलोहर्ट्‌झच्या क्षेत्रातून तिला क्षणभर ऊर्जा मिळते, ती १५ अंकी क्रमांक परत पाठवते आणि गप्प होते. एरवी ती काचेच्या मण्याइतकीच निर्जीव. ती कुत्रा कुठे आहे हेही सांगत नाही. आमच्याकडे वेळास-आंजर्ल्याच्या कासवांच्या पाठीवर २०२२ मध्ये उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं लावली होती, त्यांच्या बातम्यांमुळे गावात चिप म्हणजे तेच, असा समज आहे. ती यंत्रं वेगळी, बॅटरीवर चालणारी, आणि पाठीवरून चिकटवलेली.

ज्या धोक्याची मला ट्युमरपेक्षा जास्त काळजी वाटते तो बसवणाऱ्या हाताचा आहे. सुई जाड असते. वळवळणाऱ्या लहान पिल्लात किंवा मांजराच्या पोरात ती चुकीच्या कोनात, खोल गेली तर चिप मणक्याच्या नळीत जाऊ शकते. मांजरात अशी इजा होऊन पाय लुळे पडल्याचं प्रकरण २००७ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि लहान जातीच्या कुत्र्यांतही असं घडलंय. पावसाळ्यात भिजलेल्या, खाजेने चिघळलेल्या कातडीतून ती सुई घालणं हेही मला पटत नाही. गाई-म्हशींच्या कानातल्या बिल्ल्याच्या भोकात आषाढात किडे पडलेले मी दर वर्षी पाहतो. चिपच्या जागी मी ते एकदाही पाहिलेलं नाही, कारण ती जखम बंद होते. पण निर्जंतुक सुई आणि कोरडी, निरोगी कातडी एवढी अट पाळायलाच हवी.

शस्त्रक्रिया आणि चिपचं काय करायचं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. आधी खांद्यापुढच्या लसिका ग्रंथीतून सुईने पेशी घेतल्या, तिथे काही सापडलं नाही. भूल देण्याआधी हिस्टामिनविरोधी इंजेक्शन, जठरासाठी औषध. गाठीभोवती सगळीकडून दोन सेंटिमीटर निरोगी कातडी आणि खाली स्नायूवरचा एक पूर्ण पडदा, एवढं काढावं लागतं. लिंबाएवढ्या गाठीसाठी छेद वीतभर झाला. काकू पडवीत बसून होत्या, त्यांनी तो पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. हीच गाठ मार्चमध्ये सुपारीएवढी होती. तेव्हा छेद निम्मा झाला असता, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

आणि जूनमध्ये मी तो छोटा छेद घेऊन ‘चिप काढली’ असती तर? चिप सापडली नसती, कारण ती तिथे नव्हतीच. ट्युमर मात्र अर्धवट कापला गेला असता, चिवडल्यामुळे हिस्टामिनचा लोंढा सुटला असता, आणि नंतरच्या ऑपरेशनला स्वच्छ कड मिळणं कठीण झालं असतं. हा विचार आजही मला झोपताना आठवतो.

दुबईहून मुलगा फोनवर होता. भूल दिलीच आहे तर खालची चिपही काढा, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. ती वेष्टनात शांत बसलेली होती. तिच्यासाठी खांद्यापुढच्या स्नायूंमध्ये वेगळा छेद घ्यावा लागला असता, तोही ट्युमरचे हात आणि हत्यारं घेऊन. मास्ट सेलच्या ऑपरेशनमध्ये एका जागेची हत्यारं दुसऱ्या जागी नेणं टाळायचं असतं. आणि चिप गेली की कुत्र्याची कागदावरची ओळखही गेली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘बाबा काय म्हणतात?’ काकांनी चिप राहू द्या म्हटलं.

मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल अठरा दिवसांनी आला. लो-ग्रेड, म्हणजे कमी आक्रमक ट्युमर, कडा स्वच्छ. पुढे औषधांची गरज पडली नाही. टाके बरे व्हायला पावसाळी दमटपणामुळे वेळ लागला, एक कोपरा उसवला, तो पुन्हा शिवला. गणपतीला घरी पाहुणे आले तेव्हा ब्रुनो अंगणात नारळाच्या सोढणाशी खेळत होता.

रीडर

सप्टेंबरमध्ये पुण्याच्या एका मित्राकडून रीडर मागवला. ब्रुनोच्या पाठीवरून, दोन्ही बाजूंनी, खांद्यावरून खाली कोपरापर्यंत सावकाश फिरवल्यावर तो वाजला. पंधरा अंक आले, घरातल्या जुन्या पासपोर्टवरच्या अंकांशी जुळले. पण नोंदणीत मालकाचा फोन म्हणून मुलाचा दुबईतला जुना, बंद झालेला नंबर होता. नऊ वर्षं अंगात चिप घेऊन फिरणारा कुत्रा हरवला असता तर ती चिप वाचूनही कुणाला घर सापडलं नसतं. चिपने केलेल्या सगळ्या संभाव्य अपायांत हा एकच ब्रुनोच्या बाबतीत खरा होता, आणि तो एका ईमेलने दुरुस्त झाला.

तेव्हापासून मी रीडर विकत घेतला आहे. चिप असलेला प्राणी लसीला आला की आधी चिप कुठे आहे ते वाचून नोंदवहीत चित्रात खूण करतो. लस आता खांद्यांमध्ये देत नाही. कुत्र्याला मागच्या पायात, मांजराला पायात जितकं खाली जमेल तितकं. पुढे गाठ आलीच तर ती कशाच्या जागी आली हे तरी कळेल. इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांपासून चिप सरकली, बंद पडली किंवा त्रास दिला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे. आमच्याकडे असं बंधन कुणी घालेपर्यंत माझी वही आहे. आणि इंजेक्शननंतरची गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच असली, तर तुकडा तपासायचा, हा मांजरांसाठीचा जुना नियम मी कुत्र्यांनाही लावतो. सुई मात्र पहिल्याच दिवशी घालतो.

जानेवारीत काकूंचा फोन आला. ब्रुनोच्या उजव्या बरगडीवर नवी गाठ लागली होती, मऊ, आवाळवासारखी. दोन आठवडे दोऱ्याने मोजली होती, घेर तोच होता, चोळून पाहिली तरी फुगत नव्हती. ‘तरी पण सुई घाला डॉक्टर, उद्याच घेऊन येते,’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर नुसती चरबी होती. काकूंनी पट्टी उजेडाकडे धरून पाहिली, आणि डबीतून नवा दोरा काढून त्याला पहिली गाठ मारली.